टिचकूची पाठ ओली ती ओलीच

मंगळवार, आठ एप्रिल. आभाळ स्वच्छ. ऊन साडेसातलाच चटचटीत. वारा एवढासा.

टिचकू नावाचं एक कासव होतं.
बाळ कासव. तीन इंच लांब. डोळ्यामागे लाल पट्टा. स्वभाव तिखट.

टिचकूचं घर म्हणजे एक परात.
परातीत पाणी. पाण्यात चपटा दगड.
टिचकू पाण्यात जायचा. डुबुक!
मग दगडावर चढायचा. पाठीवर ऊन घ्यायचा. पाठ वाळवायचा.
पाठ वाळली की पुन्हा डुबुक!
दिवसभर हेच काम. दुसरं काही काम नाही.

त्या दिवशी सकाळी शालनकाकू आल्या. काकूंना कुरडया घालायच्या होत्या. त्यासाठी मोठी परात हवी. घरात मोठी परात एकच.

"ऊठ रे," काकू म्हणाल्या.
"हे माझं घर आहे," टिचकू म्हणाला.
"ही माझी परात आहे," काकू म्हणाल्या.

काकूंनी परात उचलली. तीनदा घासली. (कुरडया खाणाऱ्यांना हे सांगायचं नाही.)
आणि टिचकूला कुठे टाकलं?
बरणीत. बिस्किटांच्या प्लास्टिकच्या बरणीत.

बरणी उंच. बरणी अरुंद. बरणीत नुसतं पाणी.
चढायला दगड नाही. बसायला जागा नाही. ऊन नाही.
टिचकू पोहला. पोहला. पोहला. पोहून पोहून पाय दुखले.
उजवीकडे वळला. नाक आपटलं. टक्!
डावीकडे वळला. नाक आपटलं. टक्!

"हे घर आहे का खोकल्याच्या औषधाची बाटली?" टिचकू ओरडला. "कासवाला पसरट घर हवं. पाणी हवं, पण कोरडा दगडही हवा. ऊन हवं, पण थोडी सावलीही हवी. आणि माझी पाठ? ओली ती ओलीच!"

कोणी ऐकलं नाही.
मग टिचकूनं बरणीला ढुशी मारली. एक ढुशी. दोन ढुश्या. तीन ढुश्या.
बरणी कलंडली. गडगड गडगड गडगड... भस्स!
पाणी सांडलं. टिचकू बाहेर.
काकू लगेच त्या पाण्यावरून घसरल्या. पडल्या नाहीत. जरा नाचल्या.

टिचकू निघाला. फतक फतक. फतक फतक.

अंगणात लिंबाचं झाड. झाडाखाली डोणी.
डोणी म्हणजे दगडाचं पसरट भांडं. आधी त्यात गाय पाणी प्यायची. आता गाय नाही. डोणी तिथेच आहे.
अर्धी डोणी उन्हात. अर्धी डोणी सावलीत.
टिचकू खूश झाला. अस्संच घर हवं!

"डोणीताई, डोणीताई, माझं घर हो. माझी पाठ ओली ती ओलीच!"

डोणी जाड आवाजात म्हणाली, "होईन की. पण माझं पोट भरलंय. पोटात कांदे आहेत. एक्केचाळीस कांदे. आधी कांद्यांना हलव. मग तू ये."

टिचकूला आला राग.
डोकं आत. पाय आत. शेपटी आत.
आतून म्हणाला, "जाडी!"
मग डोकं बाहेर. पाय बाहेर. शेपटी बाहेर.
आणि डोणीवर चढला. फतक फतक. फतक फतक.

"कांदेहो, कांदेहो, चला उठा!
डोणी रिकामी होईना.
आणि माझी पाठ? ओली ती ओलीच!"

कांदे म्हणाले, "आम्ही का उठू? आमची टोपली आहे. टोपलीत कोंबडी बसलीय. आधी कोंबडीला उठव. मग आम्ही हलतो. आणि तू रडू नकोस रे."
"मी रडत नाही," टिचकू म्हणाला. "तुम्हालाच वास मारतो."

टिचकूला आला राग.
डोकं आत. पाय आत. शेपटी आत.
आतून म्हणाला, "वासाडे!"
मग डोकं बाहेर. पाय बाहेर. शेपटी बाहेर.
आणि टोपलीकडे निघाला. फतक फतक. फतक फतक.

टोपलीत कोंबडी. कोंबडीखाली अंडी. सात अंडी.

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, चला उठा!
कांदे हलेनात.
डोणी रिकामी होईना.
आणि माझी पाठ? ओली ती ओलीच!"

"पक् पक् पकाक्! हळू बोल मेल्या! माझी बाळं झोपलीत."
"ती अंडी आहेत."
"अंडी काय झोपत नाहीत?" कोंबडी म्हणाली. "मला काय हौस आलीय कांद्याच्या टोपलीत बसायची? माझं खुराडं आहे. खुराड्यात ढब्बू कुत्रा शिरलाय. आधी ढब्बूला काढ. मग मी उठते. पकाक्!"

टिचकूला आला राग.
डोकं आत. पाय आत. शेपटी आत.
आतून म्हणाला, "कटकटी!"
मग डोकं बाहेर. पाय बाहेर. शेपटी बाहेर.
आणि खुराड्याकडे निघाला. फतक फतक. फतक फतक.

खुराडं छोटं. ढब्बू मोठा.
ढब्बूचं डोकं खुराड्यात मावलं होतं. पोट खुराड्यात मावलं होतं. ढुंगण मावलं नव्हतं. ढुंगण बाहेर होतं.
म्हणून टिचकू ढुंगणाशी बोलला.

"ढब्बूशेठ, ढब्बूशेठ, चला उठा!
कोंबडी उठेना.
कांदे हलेनात.
डोणी रिकामी होईना.
आणि माझी पाठ? ओली ती ओलीच!"

ढुंगण काही बोललं नाही. शेपटी मात्र हलली.
मग आतून आवाज आला. "भू! मागे कोण आहे?"
"मी. टिचकू."
"पुढे येऊन बोल."
"पुढे जागा कुठेय? पुढे तूच आहेस."
ढब्बू म्हणाला, "खरंय. अरे, इथे पिसं नाकात जातात. मला सारखी शिंक येते. पण काय करू? माझं पोतं आहे पडवीत. पोत्यावर नथूतात्या झोपलेत. आधी तात्यांना उठव. मग मी निघतो. आ... आ... आक्छी!"
खुराडं हललं. धडाड!

टिचकूला आला राग.
डोकं आत. पाय आत. शेपटी आत.
आतून म्हणाला, "शेंबड्या!"
मग डोकं बाहेर. पाय बाहेर. शेपटी बाहेर.
आणि पडवीकडे निघाला. फतक फतक. फतक फतक.

पडवीत पोतं. पोत्यावर नथूतात्या. तात्या म्हणजे काकूंचे सासरे.
सकाळचे दहा वाजले होते. तात्यांना झोप कधीही चालते.
घुर्र... फुस्स. घुर्र... फुस्स.
"तात्या!" टिचकू ओरडला.
घुर्र... फुस्स.
"अहो तात्या!"
घुर्र... फुस्स.
मग टिचकू तात्यांच्या पायाच्या अंगठ्याला चावला. कुच्!
"आई आई गं! मुंगी! मुंगी!"
"मुंगी नाही. मी कासव. ऐका आता.

नथूतात्या, नथूतात्या, चला उठा!
ढब्बू निघेना.
कोंबडी उठेना.
कांदे हलेनात.
डोणी रिकामी होईना.
आणि माझी पाठ? ओली ती ओलीच!"

तात्यांनी अंगठा चोळला. "अरे बाबा, कुठे जाऊ मी?"
"हे पोतं कुत्र्याचं आहे, तात्या."
"ठाऊक आहे. वास येतोय," तात्या म्हणाले. "पण माझी बाज गेली. माझ्या बाजेवर सूनबाईनं कुरडया घातल्यात. शहाण्णव कुरडया! त्यांच्यावर झोपू का? कुरडया वाळू देत. बाज रिकामी होऊ दे. मग मी सरकतो."
आणि तात्या पुन्हा झोपले. घुर्र... फुस्स.

टिचकूला आला राग.
डोकं आत. पाय आत. शेपटी आत.
आतून म्हणाला, "झोपाळू!"
तात्यांनी झोपेतच म्हटलं, "ऐकू आलं हं."
टिचकूनं पटकन डोकं बाहेर काढलं. पाय बाहेर. शेपटी बाहेर.
आणि बाजेकडे निघाला. फतक फतक, फतक फतक, जरा भराभर.

बाजेवर धोतर पसरलेलं. धोतरावर कुरडया. पांढऱ्या पांढऱ्या. गोल गोल. ओल्या ओल्या.

"कुरडयांनो, कुरडयांनो, चला वाळा!
तात्या सरकेनात.
ढब्बू निघेना.
कोंबडी उठेना.
कांदे हलेनात.
डोणी रिकामी होईना.
आणि माझी पाठ? ओली ती ओलीच!"

शहाण्णव कुरडया एकदम बोलल्या. "ईईई! हात लावू नको! आम्ही लिबलिबीत आहोत!"
"हात नाही लावत. पाय लावतो."
"ईईईईई! काकूऽऽ!"
"बरं बरं. नाही लावत. वाळत का नाही तुम्ही?"
"ऊन कुठेय?" कुरडया म्हणाल्या. "बघ ना वर! दोरीवर गोधडी लटकलीय. सगळं ऊन तिनं अडवलंय. आधी गोधडीला उतरव. मग आम्ही वाळतो."

टिचकूला आला राग.
डोकं आत. पाय आत. शेपटी आत.
आतून म्हणाला, "लिबलिब्या!"
मग डोकं बाहेर. पाय बाहेर. शेपटी बाहेर.
आणि गोधडीकडे निघाला. फतक फतक. फतक फतक.

गोधडी जाडजूड. गोधडी ओलीचिंब. गोधडीतून पाणी गळत होतं. टप. टप. टप.
एक थेंब टिचकूच्या डोक्यावर पडला. टप!

"गोधडीबाई, गोधडीबाई, चला उतरा!
कुरडया वाळेनात.
तात्या सरकेनात.
ढब्बू निघेना.
कोंबडी उठेना.
कांदे हलेनात.
डोणी रिकामी होईना.
आणि माझी पाठ? ओली ती ओलीच!"

"तुझी पाठ ओली?" गोधडी म्हणाली. "माझी पाठ ओली, पोट ओलं, चारी कोपरे ओले! का ते विचार."
"का?"
"शू!"
"मी गप्पच आहे."
"गप्प बस नाही म्हणत मी. शू! शू झाली माझ्यावर! गोजीनं केली. काल रात्री. मग काकूंनी मला धुतलं. आपटलं. पिळलं. इथे टांगलं. मला हे आवडतं का? मला ओट्यावर लोळायचंय. ओटा गरम आहे. पण मला ओढणार कोण? जिनं भिजवलं तिनं ओढावं. गोजीला बोलव. तिनं ओढलं की मी उतरते."

टिचकूला राग आला, पण टिचकू दमला होता.
फक्त डोकं आत घातलं.
आतून म्हणाला, "गळकी!"
आणि गोजीकडे निघाला. फतक... फतक... फतक...

गोजी म्हणजे काकूंची मुलगी. अडीच वर्षांची. गोजी पाण्याच्या पिंपामागे बसली होती. चड्डी नव्हती. गाल फुगले होते.

"गोजी, गोजी, चल ऊठ!
गोधडी उतरेना.
कुरडया वाळेनात.
तात्या सरकेनात.
ढब्बू निघेना.
कोंबडी उठेना.
कांदे हलेनात.
डोणी रिकामी होईना.
आणि माझी पाठ? ओली ती ओलीच!"

"नाही ज्जा!" गोजी म्हणाली.
"का?"
"मी लुसले."
"का रुसलीस?"
"सगळे म्हणतात, गोजीनं शू केली."
"केलीस का?"
"नाही."
टिचकूनं तिच्याकडे बघितलं.
"थोडीशी," गोजी म्हणाली.
टिचकू बघतच राहिला.
"खूप," गोजी म्हणाली. आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला. "तात्या हसले. ढब्बू पण हसला. कोंबडी पण हसली."
"कोंबडी नेहमीच तशी ओरडते."
"नाही. हसलीच."

टिचकू तिच्याजवळ सरकला.
मग गोजी म्हणाली, "तू सांग."
"काय सांगू?"
"शू तू केली. मग मी ओढते गोधडी."

टिचकूनं विचार केला.
डोकं आत घालून विचार केला. बाहेर काढून विचार केला.
पाठ ओली. पाय दुखलेले. घर नाही.
"चल," टिचकू म्हणाला.

टिचकू अंगणाच्या मधोमध गेला. फतक फतक. फतक फतक.
मान लांब केली. जेवढी होती तेवढी.
आणि ओरडला, "ऐका हो ऐका! गोधडीवर शू मी केली!"

मग काकू आल्या. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.
"कोणी केली?"
"मी केली."
"तू? टिचभर तू?"
"हो."
"एवढी मोठी गोधडी भिजवलीस?"
"खूप पाणी प्यायलो होतो."
"परातीतलं?"
"परातीतलं, बरणीतलं, सगळीकडचं."
"करून दाखव बघू पुन्हा."
"आता संपली."

पडवीतून तात्या खो खो हसले. कुरडया खुसखुसल्या. ढब्बू खुराड्यात हसला, त्याचं ढुंगण गदागदा हललं. कोंबडी म्हणाली, "पक् पक् पकाक्! शूवाला कासव!"
सगळे टिचकूला हसले. गोजीला कोणी हसलं नाही.
आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? गोजी!

गोजी पळत पळत दोरीपाशी गेली. तशीच. चड्डीशिवाय.
गोधडीचा कोपरा धरला. ओढला.
हुईऽऽऽश्श... गोधडी उतरली. धप्प!

गोजी गोधडीखाली गेली. गोजी दिसेना.
मग गोधडी चालायला लागली. गोधडीला दोन पाय. गोधडी ओट्याकडे चालली. ओट्यावर चढली. ओट्यावर लोळली. "आहाहा! गरम!"
गोजी खालून बाहेर आली. केस उभे.

गोधडी उतरली.
कुरडयांवर ऊन पडलं. अकराचं ऊन. बाराचं ऊन. दोनचं ऊन. चार वाजता कुरडया वाजल्या. खळ्ळ! खळ्ळ!
कुरडया वाळल्या. काकूंनी त्या डब्यात भरल्या. शहाण्णव घातल्या होत्या. डब्यात ब्याण्णव गेल्या. चार तात्यांच्या तोंडात गेल्या. कर्रम कुर्रम.
तात्या पोत्यावरून सरकले. आपल्या बाजेवर गेले. घुर्र... फुस्स.
ढब्बू निघाला. म्हणजे निघत नव्हता. गोजीनं शेपटीकडून ओढला. टॉक्! निघाला. पोत्यावर जाऊन पडला. नाकाला एक पीस चिकटलेलं. आक्छी!
कोंबडी उठली. काकूंनी सात अंडी ओच्यात घेतली. खुराड्यात ठेवली. कोंबडीनं मोजली. पक्, पक्, पक्, पक्, पक्, पक्, पकाक्! सात.
कांदे हलले. टोपलीत गेले. गोजीनं नेले. एक एक नेला. एक्केचाळीस वेळा नेला. एकदा चुकून टिचकूलाच नेलं.
"मी कांदा नाही!"
"छॉली."

डोणी रिकामी झाली.
काकूंनी डोणी झाडली. डोणी धुतली. त्यात पाणी ओतलं. फार नाही. चार बोटं.
"दगड?" टिचकू म्हणाला.
काकूंनी चपटा दगड आणला. पाण्यात ठेवला. दगडाचं डोकं पाण्याबाहेर. एक बाजू उतरती. चढायला सोपी.
"दगड उन्हात हवा."
काकूंनी दगड उन्हाच्या बाजूला सरकवला.
"आणि सावली?"
"लिंबाची आहे की, महाराज! अजून काही? पंखा लावू?"
"नको," टिचकू म्हणाला. "वारा आहे एवढासा."

टिचकू डोणीत उतरला. डुबुक!
उजवीकडे वळला. नाक आपटलं नाही.
डावीकडे वळला. नाक आपटलं नाही.
सावलीतून उन्हात पोहला. उन्हातून सावलीत पोहला. तीन चकरा मारल्या.

मग दगडावर चढला. फतक फतक. पाच वाजून दहा मिनिटांनी.
डोकं बाहेर. चारी पाय बाहेर. शेपटी बाहेर.
पाच वाजून पस्तीस मिनिटांनी पाठ वाळली.